तिघांत एक माउस

प्रश्न : ताई, मी इंदूरच्या एका शाळेत सहावीला गणित आणि कॉम्प्युटर शिकवते. वर्गात ४२ मुलं, लॅबमध्ये चालू मशिनं १४, पिरियड ४० मिनिटांचा. नव्या प्रिन्सिपल मॅडमनी ‘रिस्पॉन्सिव्ह क्लासरूम’ पद्धतीने शिकवायला सांगितलंय. सकाळी गोल करून बसायचं, एकमेकांना नमस्कार करायचा, बोलायचं. गणिताचा कोर्स आधीच मागे आहे. लॅबमध्ये माउससाठी ओढाताण होते, तीन-चार मुलंच सगळं करतात आणि बाकीची नुसती बघत राहतात. या नमस्कार-चमत्कारांना वेळ कुठून आणू?
(एक शिक्षिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : वेळेची तुमची अडचण खरी आहे, म्हणून आधी हिशोबच करू. तोही मुलांकडून करून घ्या. ४२ जणांत प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकदा नमस्कार व्हायचा, तर एकूण किती? माझ्या वर्गात असा प्रश्न घातला तेव्हा मुलांनी आधी संख्येला त्याच संख्येने गुणलं. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “टीचर, खुद को कौन नमस्ते करेगा?” घरी मराठी असली तरी शाळेत आपली मुलं हिंदीतच बोलणार, बोलू द्या. शिवाय दोघांत मिळून नमस्कार एकच, म्हणून निम्मे करायचे. तुमच्या वर्गाचं उत्तर येईल ४२ गुणिले ४१ भागिले २, म्हणजे ८६१. एकेकाला पाच सेकंद धरले तर बहात्तर मिनिटं लागतील! तेच गोलात बसून शेजाऱ्याने शेजाऱ्याला नाव घेऊन केला, तर ४२ नमस्कार साडेतीन मिनिटांत होतात. एवढ्यात गणितही झालं आणि त्या दिवशी प्रत्येक मुलाचं नाव वर्गात एकदा तरी घेतलं गेलं.

ही पद्धत १९८१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात शिक्षकांनीच सुरू केली. सकाळच्या बैठकीचे चार भाग असतात : नमस्कार, कुणीतरी आपलं काही सांगणं, सगळ्यांनी मिळून एक कृती आणि फळ्यावर लिहिलेला निरोप. त्या निरोपात तुम्ही वरचं गणित घालू शकता.

आता माउस. “आळीपाळीने करा” असं आपण सांगतो, पण ते कसं करायचं हे दाखवत नाही. एक दिवस स्वतः मशिनपाशी बसा. काही न बोलता माउसवरचा हात काढा, खुर्ची मागे सरकवा, माउस शेजारच्या मुलापुढे ठेवा. मग विचारा, “काय काय दिसलं?” नंतर एका मुलाला करू द्या, पुन्हा तेच विचारा, मग सगळ्यांना करू द्या. दहा मिनिटं लागतील. एका मशिनवर तिघं : एकाच्या हातात माउस, दुसरा सूचना सांगणारा, तिसरा वहीत लिहिणारा. आठ-आठ मिनिटांनी बदल केला की चोवीस मिनिटांत तिघांचीही पाळी होते. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, ही अट मात्र अजिबात सोडू नका. त्याला डोक्यातलं शब्दांत मांडावं लागतं, आणि खरं शिकणं तिथेच होतं.

एका मुलाचं सांगते. स्क्रॅच म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, त्यात पडद्यावरचं मांजर आपण सांगू तसं चालत-वळत रेघ ओढतं. त्यात समभुज त्रिकोण काढायचा होता. कोन ६० अंशांचा, म्हणून त्याने मांजराला तीनदा ६० अंश वळवलं. पडद्यावर आला अर्धा षटकोन. आधीची कित्येक वर्षं मी अशा वेळी “६० नाही रे, १२० टाक” एवढं सांगून पुढे जायची. मूल १२० टाकायचं आणि कोरंच राहायचं. त्या दिवशी लॅबबाहेर फरशीवर खडूने मोठा त्रिकोण काढला आणि त्याला त्यावरून चालायला सांगितलं. कोपऱ्यावर तो सरळ समोर तोंड करून थांबला. “आता पुढच्या बाजूकडे वळ. किती वळलास?” वळताना तो काटकोनाच्याही पुढे गेला. तिथेच उभा राहून बोटांवर मोजत पुटपुटला, “एक सौ अस्सी में से साठ...” आणि धावत आत गेला. नंतर चौकोनाला ९० आणि पंचकोनाला ७२ त्याने मला न विचारता घातले.

त्याला मी “हुशार आहेस” म्हटलं नाही. म्हटलं, “तू कोपऱ्यावर थांबून नीट बघितलंस.” जे दिसलं तेच बोलायचं, हे मी उशिरा शिकले. त्याआधी एका मुलीला भर वर्गात “एवढं साधं येत नाही?” म्हणाले होते. वार्षिक परीक्षेपर्यंत तिने हात वर केला नाही. ते मला आजही टोचतं.

कुणी माउस हिसकावलाच, तर उठाबशा नकोत. माउसची त्याची त्या दिवसाची पाळी जाते, तो सूचना सांगतो किंवा वही लिहितो. दुसऱ्या दिवशी पाळी पुन्हा त्याची, आणि कालचा विषय काढायचा नाही.

येत्या सोमवारी फक्त माउस देणं-घेणं शिकवा, धडा मंगळवारी. महिनाभराने १४ पैकी किती मशिनांवर माउस ओढाताण न होता फिरतोय, ते मला जरूर कळवा.