वाचकांचे प्रश्न : एकच सिम, दोन फोन आणि दोन तऱ्हा

प्रश्न : आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात डोंगराच्या उतारावर आहे. भिंती चिऱ्याच्या आहेत आणि भोवती आंबा-फणसाची दाट झाडी आहे. माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या 4जी फोनला माजघरात अजिबात रेंज येत नाही, मात्र सुनेच्या नव्या 5जी फोनवर त्याच जागी व्यवस्थित बोलता येते. दोन्ही सिम एकाच कंपनीची आहेत. सिमची अदलाबदल करून पाहिली, तरी फरक तोच राहिला. तिच्या फोनवर 5जी अशी खूण दिसते, पण व्हिडिओ अडखळतो. दोष कंपनीचा समजावा की फोनचा?

उत्तर : सिमची अदलाबदल केलीत हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे सिम आणि खाते या दोन्ही शंका मिटल्या. आता प्रश्न उरतो तो इतकाच, की टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्या ऐकण्याची सोय तुमच्या फोनमध्ये आहे का.

टॉवर एकाच कंप्रतेवर चालत नाही. आपल्याकडे 4जी सेवा मुख्यतः 850, 900, 1800, 2100, 2300 आणि 2500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत, म्हणजे बॅण्डमध्ये दिली जाते. 2022च्या लिलावात त्यांत 700 आणि 3300 मेगाहर्ट्झ व 26 गिगाहर्ट्झ या पट्ट्यांची भर पडली. प्रत्येक कंपनीकडे यांतले काहीच पट्टे असतात. रिलायन्स जिओने 700चा पट्टा देशातील सर्व 22 परिमंडळांत, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी पाडलेल्या विभागांत, 5जीसाठी घेतला, तर बीएसएनएल त्याच पट्ट्यात 4जी देते आणि त्यासाठी फोनमध्ये ‘बॅण्ड 28’ (700च्या पट्ट्याचा हा क्रमांक) असावा लागतो, जो आपल्याकडे विकल्या गेलेल्या कित्येक जुन्या फोनमध्ये नाही. तुमची कंपनी कोणती हे पत्रात नाही, परंतु माजघरापर्यंत पोहोचणारी लहर खालच्या पट्ट्यातली असेल आणि जुन्या फोनला तो पट्टा कळतच नसेल, तर त्याच्या दृष्टीने तिथे टॉवरच नाही.

खालचा पट्टाच आत का पोहोचतो, हे तुमच्या घराच्या उदाहरणावरून सांगता येईल. 700 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 43 सेंटिमीटर असते, तर 3300ची जेमतेम 9 सेंटिमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेला बऱ्यापैकी वळसा घालते आणि भिंतीतून जाताना तुलनेने कमी क्षीण होते. आखूड लहर मात्र जाड चिऱ्याच्या भिंतीत आणि झाडांच्या पानांत बरीचशी संपून जाते. पावसाळ्यात रेंज आणखी खालावते असा तुमच्याकडच्या अनेकांचा अनुभव असेल. या पट्ट्यांतल्या लहरींना पावसाच्या सरी फारशा अडवत नाहीत, पण भिजलेली पाने आणि पाणी प्यालेला सच्छिद्र चिरा नक्कीच अडवतात.

दुसरे कारण फोनच्या घडणीत आहे, आणि त्याकडे फार थोडे ग्राहक लक्ष देतात याचे मला मनापासून वाईट वाटते. चांगल्या अँटेनाची लांबी लहरीच्या सुमारे पाव असावी असा ढोबळ नियम आहे. 700 मेगाहर्ट्झसाठी ती जवळजवळ 11 सेंटिमीटर भरते, आणि फोनची रुंदी असते सात-साडेसात सेंटिमीटर. म्हणून फोनची कडाच अँटेना म्हणून वापरावी लागते आणि तीही बॅटरी, कॅमेरा व स्पीकर यांच्या गर्दीत बसवावी लागते. हे काम कोणी किती काळजीपूर्वक केले आहे, यावर खालच्या पट्ट्यातली रेंज अवलंबून असते. त्यामुळे सारखेच बॅण्ड असलेले दोन फोनही एका जागी वेगळे वागू शकतात. धातूचे कव्हर आणि कडेभोवती घट्ट धरलेली मूठ यांनीही रेंज कमी होते.

शिवाय संभाषण दुतर्फा असते. टॉवरचा प्रक्षेपक वीस-चाळीस वॅटचा असतो, तर फोनचा जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास. टॉवरची हाक फोनला ऐकू येते, पण फोनची ओ टॉवरपर्यंत जात नाही. म्हणूनच पडद्यावर दोन काड्या दिसत असूनही फोन लागत नाही असे घडते.

त्या काड्यांवर विसंबू नका, कारण किती रेंजला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ आणि मग ‘सिम स्टेटस’ उघडले की उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो. 4जीसाठी उणे 95 हा आकडा चांगला, तर उणे 115 म्हणजे अगदी काठावरचा. आणि दर 10ला शक्ती दहापट घटत असल्याने या दोन आकड्यांत शंभरपट फरक आहे. दोन्ही फोन ओटीवर, माजघरात आणि परसदारी एकाच जागी ठेवून हे आकडे लिहून काढा. तक्रार करताना हा कागद जवळ असला की बोलणे मुद्द्यावर राहते.

आता अडखळणाऱ्या व्हिडिओविषयी. 5जीची खूण वेगाची हमी देत नाही. वेग मुख्यतः पट्ट्याच्या रुंदीवर ठरतो : 700च्या पट्ट्यात जिओकडे 10 मेगाहर्ट्झची जोडी (10 टॉवरकडून फोनकडे येण्यासाठी आणि 10 उलट जाण्यासाठी) आहे, तर 3300च्या पट्ट्यात 100 मेगाहर्ट्झ. दूर जाणारा रस्ता अरुंद आणि रुंद रस्ता जवळच संपणारा, अशी ही अडचण आहे. त्यात संध्याकाळी साऱ्या वाडीचे फोन एकाच टॉवरवर आले की प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी येते. सुनेने फोन काही वेळ केवळ 4जीवर ठेवून पाहावा. टॉवरवर 1800 आणि 2300चे पट्टे असतील आणि फोन ते एकत्र जोडून वापरू शकत असेल, तर व्हिडिओ अधिक सुरळीत चालण्याची शक्यता आहे.

घरात फायबरचे इंटरनेट असेल, तर ‘वायफाय कॉलिंग’, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून फोन लावण्याची सोय, सुरू करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. बाजारात मिळणारा रेंज बूस्टर मात्र कृपया लावू नका. परवानगीशिवाय तो लावणे बेकायदेशीर आहे आणि त्याच्या गोंगाटाने टॉवरला शेजाऱ्यांचे फोन ऐकू येईनासे होतात.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीहून तिचा वापरलेला आयफोन 14 पाठवणार आहे. पुण्यात तो चालेल का?

उत्तर : पुण्यातल्या रेंजची चिंता नको, कारण त्यात आपल्याकडचे मुख्य बॅण्ड आहेत. अडचण वेगळीच आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14ला सिमचा खाचाच नाही, त्यामुळे तुम्हाला ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, घ्यावे लागेल. शिवाय तो फोन तिथल्या कंपनीशी जखडलेला नसावा. ‘जनरल’मधील ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरियर लॉक’पुढे निर्बंध नसल्याचे लिहिले आहे का, याचे छायाचित्र तिच्याकडून आधी मागवा. जखडलेला असेल तर तो तिथल्या कंपनीकडूनच मोकळा करून घ्यावा लागतो, आणि ते काम फोन तिच्या हातात असतानाच करून घेतलेले बरे.