ट्रेलरचे ब्रेक मिळमिळीत का लागतात?

प्रश्न : कॅम्पर ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक घरीच जोडले, पण कन्नड घाट उतरताना ट्रेलर गाडीला मागून ढकलतो. कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारा डबा) बदलू का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : थांबा भाऊ, आधी वायर बघा. 10 इंची ड्रमचा एक मॅग्नेट (करंट मिळाला की ड्रमला चिकटून ब्रेक लावतो तो) साधारण 3 अँपिअर खातो, दोन चाकं म्हणजे 6, आणि तुम्ही इंडिकेटरचीच बारीक वायर मागपर्यंत ओढली असेल तर व्होल्टेज वाटेतच गळतं, मग मॅग्नेट ड्रमला धरणार कसा? 4 स्क्वेअर एमएमची वायर टाका. अर्थ (करंटची परतीची वाट) हुकच्या गोळ्यावर सोडू नका (बरेच जण सोडतात!), ग्रीस न् गंजातून कसला करंट जातो, वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. मॅग्नेटच्या दोन वायरींपैकी कुठलीही अर्थला चालते, त्यात उलटसुलट काही नसतं. जॉइंट पिळून टेप मारलाय का? आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा गोंद पाघळतो, सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. मग कंट्रोलरचा गेन (ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) तपासणीपुरता पूर्ण करा, हाताचा लिव्हर पूर्ण दाबून मॅग्नेटपाशी मीटर लावा, बॅटरीइतकं व्होल्टेज जवळपास आलं तर वायरिंग ठीक, गेन परत पहिल्या जागी आणा. तरी ढकलतोय? मग गेन वाढवा, पण मोकळ्या रस्त्यावर, घाटात नाही.