मामीची मातुलानी

प्रश्न : २० वर्षं मी लग्नाची मंगलाष्टकं लिहून देतो. शार्दूलविक्रीडितात लघु-गुरूची एक चूक दाखवा! वडिलांवर त्याच वृत्तात कविता केली, एका दिवाळी अंकाला पाठवली. परत आली. वर शेरा : 'पद्य उत्तम. कविता नाही.' हा कुठला न्याय? वडील एस.टी.चं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचून ठेवत, तेवढं काही वृत्तात बसेना. बाकी सगळं आलंय. कविता सोबत जोडली आहे.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : म्हणजे तुम्ही माझ्याच पंगतीतले! भाचीच्या लग्नात मीही हा उद्योग केलाय. ओळीत अक्षरं १९, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा, पुढे उरते 'कुर्यात् सदा मंगलम्' एवढी सात अक्षरांची जागा. तिथे मामीचं नाव मावेना, म्हणून मामीचा संस्कृत शब्द शोधून तिची 'मातुलानी' केली. चपखल बसली. त्या मातुलानीनं, म्हणजे आमच्याच सौ.नं, आठवडाभर अबोला धरला.

हे झालं पद्य. लघु-गुरूंचे गण जुळले की पद्य होतं, आत काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अमरकोश हा संस्कृत शब्दकोश अख्खा पद्यात आहे, पाठ व्हावा म्हणून. त्याला कविता कोण म्हणेल? उलट बाणभट्टाची 'कादंबरी' गद्यात, तरी काव्यच.

आता तुमच्या शेजारचंच बघा. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला, असं चाळीसगावजवळच्या पाटणे गावचा शिलालेख सांगतो. त्यांच्या 'लीलावती'त भुंग्यांचं गणित आहे. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, उरला एक. एकूण भुंगे किती? १५. गणिताला 'उरला एक' पुरे होतं. पण आचार्य त्या एकाला सोडत नाहीत. केतकी आणि मालती, दोघींचा सुगंध एकाच वेळी बोलावणं घेऊन आला, म्हणून तो बिचारा आकाशात नुसता इकडून तिकडे फिरतोय. माझ्या लेखी कविता तिथे सुरू होते. आणि हा श्लोकही शार्दूलविक्रीडितातच आहे, तेव्हा वृत्ताला बोल लावू नका.

तुमच्या बारा ओळींत वडील 'थोर', 'प्रेमळ', 'कष्टाळू' आहेत. ते कुणाचेही असू शकतात. घड्याळाच्या पट्ट्यातलं तिकीट मात्र पत्रातच राहिलं, संपादकांपर्यंत पोचलंच नाही. 'तिकीट' म्हणजे लघु-गुरु-लघु. सातव्या अक्षरापासून नेमकं बसतं. मी बोटांवर मोजून पाहिलं.