दुखणं कमरेत, मग बोलायचं कशाला?

ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहते, वय 47. अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांना डबे देते. रोजचे पंधरा डबे, साठ पोळ्या. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआय झाला, गादी थोडी सरकलीय म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या, शेक, पट्टा, फिजिओथेरपी, सगळं करून झालं. आता डॉक्टरांनी मानसतज्ज्ञाकडे जा म्हणून सांगितलं, सीबीटी की काहीतरी. पुण्याच्या लेकीनं मोबाइलवर होणारा आठ आठवड्यांचा कोर्स शोधून माझं नावही घातलं. तेव्हापासून झोप नाही. इतकी वर्षं मी नाटक करत होते असं सगळ्यांना वाटतंय का? नवरा म्हणतो, "बोलून कंबर बरी झाली असती तर दवाखाने कशाला लागले असते?" परवा जरा बरं वाटलं म्हणून डबे करून माळाही आवरला, तर तीन दिवस अंथरुणात. डबे बंद. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण भांडी जोरात आपटत होत्या. मी काय करू?

*

तुमची झोप त्या 'नाटक' शब्दानं उडवली आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते.

तुमचं दुखणं खरं आहे आणि ते कमरेतच होतंय. मानसतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणून डॉक्टरांनी ते खोटं ठरवलं, असं होत नाही. हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका बाईंच्या पत्राला मी "मन रमवा, एखादा छंद लावून घ्या" असं उत्तर दिलं होतं. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. दुखणाऱ्या माणसाला मन रमव म्हणणं म्हणजे तुझं दुखणं तेवढं काही नाही असंच सांगणं, हे मला फार उशिरा कळलं. त्या बाईंची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

विळीनं बोट कापलं की कळ येते. ती सांगते, हात मागे घे. तिचं काम तेवढंच. पण तीन महिन्यांच्या पुढे टिकणारं दुखणं, वैद्यकशास्त्र ज्याला जुनाट म्हणतं, ते वेगळ्या वाटेनं चालतं. मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. कुकरची शिट्टी बिघडली की थोड्याशा वाफेलाही वाजत सुटते ना, तसं. वाफ खरी असते, आवाजही खरा असतो, पण आत डाळ शिजली की नाही ते त्यावरून कळत नाही. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी मांडलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जातो त्या वाटेवर पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, आणि मेंदूकडून खाली येणारे निरोप ते फाटक कमी-जास्त उघडतात. पुढे त्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण भीती, काळजी, जागरण यांनी दुखणं खरोखर वाढतं, ही गोष्ट टिकून राहिली. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, त्या फाटकापाशी काम करते.

आणि त्या 'सरकलेल्या गादी'बद्दल. कंबर दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन एकत्र तपासणारा एक आढावा 2015 साली आला होता. त्यात विशीतल्या 30 टक्के आणि पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली, आणि त्यांना दुखत नव्हतं. तुमच्या रिपोर्टमधल्या त्या ओळीला इतकं भिऊन वाकणंच सोडू नका.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते माळ्याचं वाक्य. बरं वाटलं, म्हणून माळा आवरला, म्हणून तीन दिवस अंथरुणात. कष्टाळू बायकांमध्ये हे हटकून दिसतं. कामं पडून राहिल्याची टोचणी असते, मग चांगला दिवस मिळाला की सगळं उरकून घ्यायचं. त्यानंतर कळ, त्यानंतर पडून राहणं. पडून राहिल्यानं स्नायू आणखी ढिले पडतात, भीती वाढते आणि पुढच्या खेपेला कमी कामालाही कमर धरते. चार वर्षांत हे चक्र किती वेळा फिरलं असेल, तुम्हीच आठवून बघा. सीबीटीत शिकवतात की किती काम करायचं ते दुखण्यावर सोपवायचं नाही, मोजणीवर सोपवायचं. समजा, वाईट दिवशीही ओट्याशी उभं राहून वीस पोळ्या निभतात. मग चांगल्या दिवशीही वीस झाल्या की थांबायचं, पाच मिनिटं घरातल्या घरात चालायचं आणि मग पुढच्या वीस. आठवडाभर हे जमलं की बावीस. ऐकायला सोपं वाटतं, पण काहीच दुखत नसताना लाटणं खाली ठेवणं तुम्हाला फार जड जाणार आहे. तिथेच तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाची गरज लागेल.

दुसरं काम विचारांचं. पहाटे कणीक तिंबताना कळ आली की मनात काय येतं? बहुधा "गेली कंबर, आता कायमची अंथरुणाला खिळणार." हे वहीत लिहून काढायला लावतात आणि मग विचारतात, अशी कळ याआधी किती वेळा आली, आणि दर वेळी किती तासांनी ओसरली? सगळं छान आहे असं स्वतःला बजावण्याचा हा प्रकार नव्हे, तसं कुणी शिकवू लागलं तर ते सीबीटी नाही. शिवाय झोपेची शिस्त, श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, आणि ज्या हालचालीची भीती बसलीय ती थोडी थोडी परत सुरू करणं. तुमचं ध्येय काय, असंही विचारतील. "दुखणं पूर्ण थांबावं" असं सांगू नका. बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन स्वतः भाजी निवडून आणायची, असं काहीतरी सांगा. जे झालं की झालं म्हणता येईल.

आता फायदा किती, तेही स्पष्ट सांगते, कारण खोटी आशा दाखवली तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही कोर्स सोडाल. 2020 साली कॉक्रेन या संस्थेनं 75 चाचण्या आणि नऊ हजारांवर रुग्ण एकत्र तपासले. दुखणं, अडलेली कामं आणि मनाची उलघाल, तिन्हींत सीबीटीनं फरक पडला, पण सरासरीनं तो थोडाच होता. कुणाला जास्त, कुणाला अजिबात नाही. ऑनलाइनबद्दल अमेरिकेतली एक मोठी चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली, 2,300 हून अधिक जुनाट दुखणेकऱ्यांवर. तीन महिन्यांनी दुखणं निदान तीस टक्क्यांनी उतरलेले लोक किती ते पाहिलं. फोनवर किंवा व्हिडिओवर प्रशिक्षित माणसासोबत शिकलेल्यांत सुमारे 32 टक्के, आपलं आपण संकेतस्थळावर शिकलेल्यांत 27 टक्के, नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांत 21 टक्के. म्हणजे मोबाइलवर झालं म्हणून ते कमअस्सल ठरत नाही, पण पलीकडे माणूस असेल तर जास्त बरं.

म्हणून लेकीला आज फोन करा आणि विचारा: कोर्समध्ये दर आठवड्याला कुणी बोलणार आहे का, की नुसते व्हिडिओ आहेत? आणि ते मराठीत आहे का? इंग्रजी व्हिडिओंपुढे आठ आठवडे मान डोलावून काही हाती लागणार नाही. तसं असेल तर नाव काढून घ्या आणि मराठी बोलणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हिडिओवर शोधायला सांगा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारायचं, त्यात संकोच नको. दुखणं मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, आणि फिजिओथेरपीचे व्यायामही चालू ठेवा.

ऑनलाइनचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे. सिडकोतून गंगापूर रोडपर्यंत रिक्षात बसून प्रत्येक गतिरोधकाला कंबर धरायची वेळ येणार नाही. डबे गेल्यानंतरची वेळ मागून घ्या. दार लावता येत नसेल तर शेजारणीची खोली मागा, इयरफोन लावा. घरातलं कुणी ऐकतंय या धाकात माणूस खरं बोलत नाही.

नवऱ्याला पहिल्या दिवशी दहा मिनिटं शेजारी बसवा, शिकवणाऱ्यांना आधी विचारून. आणि सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज मला रागापेक्षा थकव्याचा वाटला. ते तीन दिवस घर त्यांनीच ओढलं असणार. "तुम्हाला फार पडलं, मला कळतंय" एवढं त्यांना म्हणून बघा. मग त्यांनाच एक काम सांगा: वीस पोळ्या झाल्या की मला हाक मारायची, थांबवायचं. "पडून राहा" नको आणि "ऊठ आता" पण नको.

काही लक्षणांत मात्र कोर्सबिर्स बाजूला ठेवायचा. पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. कंबरदुखीसोबत ताप किंवा विनाकारण वजन उतरणं असेल तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि जीव नकोसा वाटू लागला तर 14416 वर फोन करा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

कोर्स सुरू व्हायची वाट बघू नका. उद्या सकाळी वीस पोळ्या झाल्या की गॅस बंद करून गॅलरीत जाऊन या. डबे दहा मिनिटं उशिरा येतील, हे अंबडच्या मुलांना आज रात्रीच फोन करून सांगून ठेवा.

तुमची,
ताई