ओ-टूवर बिल्ड होतं, ओ-झिरोवर लिंकर ओरडतो: असं का?
ओ-टू म्हणजे जीसीसी या सी कंपायलरची कोड वेगवान करणारी पातळी, ओ-झिरो म्हणजे ते सगळं बंद; लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा. तुम्ही सी फाइलमध्ये फंक्शनआधी नुसतं 'इनलाइन' लिहिलंय, 'स्टॅटिक' (फंक्शन त्या फाइलपुरतं ठेवणारा शब्द) नाही. गोम तिथेच आहे. सी९९ च्या (सी भाषेच्या १९९९ च्या मानकाच्या) नियमाने अशा व्याख्येतून लिंकरला सापडेल असं स्वतंत्र फंक्शन तयारच होत नाही. ओ-टूवर जीसीसी फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच बसवतो, म्हणून निभावतं. ओ-झिरोवर तो इनलाइन करत नाही ('ऑलवेज इनलाइन' अ‍ॅट्रिब्यूट लावलं असेल तर गोष्ट वेगळी). साधा कॉल टाकतो, आणि मग 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे फंक्शन सापडत नाही अशी लिंकरची तक्रार. 'स्टॅटिक इनलाइन' करा, मिटलं.

बाकी 'इनलाइन' ही विनंती, हुकूम नव्हे. जीसीसी १० पासून ओ-टूवर हा शब्द न लिहिलेली फंक्शनंही कोड थोडा फुगला तरी आत घेतली जातात. आधी त्यासाठी ओ-थ्री, म्हणजे त्याच्या वरची पातळी लागायची.