गोळी चुकली नाही, तरी टीएसएच का वाढला?

प्रश्न : वय ५१. आठ वर्षं थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. टीएसएच कायम दोन-तीनच्या घरात. पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघायच्या, रात्री उशी भिजायची, म्हणून जानेवारीत हॉर्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. आता टीएसएच ८.६ आलाय. घरचे म्हणतात, मीच गोळी चुकवते. एक दिवस चुकलेली नाही हो.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. आधी हे घरच्यांना वाचून दाखवा.

थायरॉइडचं हॉर्मोन रक्तात जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटून फिरतं. हजारात एक भागही मोकळा नसतो. आणि काम करतो तो मोकळाच. निफाडला द्राक्षाच्या तोडणीला मजूर टेम्पोनं येतात ना, तसंच. टेम्पोत बसलेल्यांकडून एक घड खुडला जात नाही, उतरले तेवढेच बागेचे. तुमच्या हॉर्मोनच्या गोळ्यांत असतं इस्ट्रोजेन. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन थेट यकृतात पोचतं आणि रक्तातलं हे वाहक प्रथिन वाढतं. टेम्पो वाढले, उतरणारे घटले. धडधाकट ग्रंथी जास्त हॉर्मोन बनवून तूट भरून काढते. तुम्हाला मात्र मोजून ७५ मिळतात, म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला ‘आणखी बनव’ असं सांगणारं हॉर्मोन, वाढवत राहते.

सुरुवातीच्या वर्षांत मीही एका बाईंना तीनदा विचारलं होतं, ‘गोळ्या विसरता का?’ चौथ्या वेळी त्यांनी पिशवीतून औषधाच्या रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे त्यांना इस्ट्रोजेन सुरू झालंय, हे मी विचारलंच नव्हतं. त्या बाटल्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

हॉर्मोनच्या गोळ्या मनानं बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना दोन्ही औषधं एकत्र दाखवा. थायरॉइडची मात्रा बहुधा थोडी वाढवतील, मग सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. इस्ट्रोजेन जेल किंवा पट्टीतून त्वचेवाटे घेतलं तर ते आधी यकृतात जात नाही, त्यामुळे हा परिणाम जवळपास होत नाही. तुम्हाला चालेल का, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. कॅल्शियमही सुरू झालं असेल, तर ते आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.

पुढे कधी इस्ट्रोजेन थांबलं, तर वाढवलेली मात्रा जास्त होऊन छातीत धडधडेल, हात थरथरतील. तेव्हाही टीएसएच तपासून घ्या.