गल्लीत बाकं टाकण्याआधी

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीमागे नऊ मीटर रुंद आणि साधारण साठ मीटर लांब रस्ता आहे. पुढे ओढा असल्यामुळे तो तिथेच संपतो. वाहतूक नाहीच. दोन बेवारस मोटारी, कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा आणि रात्री दारूच्या बाटल्या. पालिका तिथे पेव्हर ब्लॉक बसवून स्टीलची बाकं टाकायला तयार आहे. काही सभासद म्हणतात, त्यापेक्षा गेट लावून टाकू. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाकांना एवढ्यात हो म्हणू नका. माझी तीस वर्षं रस्त्यांच्या कामात गेली आणि तसली बाकं मीही टाकून झाली आहेत. एका शाळेमागच्या गल्लीत आम्ही चौदा बसवली. नारळ फुटला, बिल निघालं. आठवड्याने दुपारी दोनला सहज डोकावले, तर एकाही बाकावर माणूस नाही. हात टेकवला तर चटका बसला. माणसं होती, पण पलीकडे, करंजाच्या सावलीत, शहाळेवाल्याच्या गाडीपाशी, गटाराच्या कठड्यावर टेकलेली. नकाशा काढताना तो कठडा मला दिसलाच नव्हता.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. आठवडाभर सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा वाजता चक्कर मारा आणि वहीत लिहा : सावली कुठे पडते, कोण थांबतं, कशाला टेकतं, बाटल्या कुठे सापडतात. माझा अंदाज, त्या मोटारींच्या आडोशालाच सापडतील. म्हणून आधी मोटारी हलवा. नंबरासकट फोटो काढून पालिका आणि वाहतूक पोलीस दोघांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काचेवर नोटीस चिकटली की ‘बेवारस’ गाडीचे मालक कसे उगवतात, ते बघण्यासारखं असतं.

मग एक रविवार धरा. चुन्याच्या रेघा मारा, रस्त्याच्या तोंडाशी दोन पिंपं ठेवा, घरोघरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या खाली आणा. हसू नका, न्यूयॉर्कने याहून वेगळं काही केलं नाही. मे २००९मध्ये टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवेचा तुकडा मोटारींना बंद झाला, तेव्हा ठरवलेलं फर्निचर आलेलंच नव्हतं. मग दुकानातून काही शे स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या आणून थेट डांबरावर मांडल्या. लोक येऊन बसले. तो बदल कायम ठेवायचा निर्णय २०१०मध्ये झाला आणि फरशीचं पक्कं काम त्यानंतर. आपल्याकडे पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, गाड्यांना बंद ठेवतात. २०२१पासून हे चालू आहे. खुर्ची हलवता येते, हा तिचा मोठा गुण. माणूस ती उचलून सावलीत नेतो आणि बाक कुठे हवं होतं ते आपोआप कळतं.

गेटचं डोक्यातून काढा. सार्वजनिक रस्त्याला सोसायटीला गेट लावता येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, ये-जा थांबली की लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली आता बाग आहे, नर्मदेच्या वळणांसारखी आखलेली सुमारे सहाशे मीटरची पायवाट आहे. पण बागेच्या कितीतरी आधी तिथल्या रहिवाशांनी ती जागा राखायला सुरुवात केली होती. तुमच्याकडे हे कोण करणार? संध्याकाळी भेळेची एक गाडी उभी राहू दिलीत तरी अर्धं काम होईल. तिला हाकलायला निघणारे सभासद असतीलच, त्यांना पहिली प्लेट फुकट द्या.

पेव्हर ब्लॉकचं मात्र नीट ऐका. जुन्या डांबरावर वाळू पसरून ब्लॉक बसवले की रस्ता चार बोटं तरी वर येतो आणि पहिल्याच पावसात पाणी तुमच्या पार्किंगमध्ये शिरतं. आधी खोदा, मग बसवा, असं लेखी मागा. चेंबरची झाकणं ब्लॉकखाली गाडू देऊ नका; गाडतात, आणि मग तुंबल्यावर पहारीने शोधत बसतात. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत तेवढ्या अंतरातलं काँक्रीट काढायला लावलं होतं, तेच माप सांगा. आणि अग्निशमनचा बंब आत येऊन माणसांना दोन्ही दारं उघडता येतील, इतका सलग पट्टा मोकळा ठेवा. कुंड्यासुद्धा त्यात नकोत.

ओढ्याकडे उतार किती आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आता मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन खाली उतरा. पाणी जिथे साचेल, त्याच्या कडेकडेने विटा मांडा आणि फोटो काढून ठेवा. पालिकेचे अभियंता मोजमापाला येतील, तेव्हा आधी तो फोटो त्यांच्या हातात द्या, चहा नंतर.